विदर्भाचा उन्हाळा आणि बाईक: इंजिनची गरमी, पायाला चटके आणि चालवणाऱ्याची तब्येत, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च संपत आला की गॅरेजवर, चहाच्या टपरीवर, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तेच तेच प्रश्न सुरू होतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, अमरावती, अकोला या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये ४४-४५ म्हणजे रोजचंच, आणि २०१३ च्या मे महिन्यात तर नागपूरला ४७.९ नोंदलं गेलंय. एक गोष्ट आधीच सांगतो. लोक बहुतेक प्रश्न गाडीबद्दल विचारतात आणि गाडी बहुतेक वेळा ठीकच असते. ती गरमी सहन करायलाच बनवलेली आहे, माणूस नाही. म्हणून गाडीचं वाचून झालं की खालचं शरीराबद्दलचंही वाचा, ते सोडून देऊ नका.

गाडी एवढी गरम होतेच का मुळात?

कारण पेट्रोलमधली जेमतेम पाव हिस्सा ताकद चाकापर्यंत पोचते, बाकीची उष्णता होऊन बाहेर पडते. हिशोब करून बघा, ४० चं मायलेज देणारी गाडी ६० च्या स्पीडने तासभर चालवली तर दीड लिटर पेट्रोल जळतं. एका लिटरमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते, म्हणजे दीड लिटरची झाली १३ युनिट, आणि त्यातली १० युनिट नुसती उष्णता. घरातले दोन किलोवॉटचे पाच गिझर तासभर चालू ठेवले तर जेवढी होईल तेवढी, आणि ती सगळी तुमच्या दोन पायांच्या मधे. यातली बरीचशी सायलेन्सरमधून जाते, बाकीची इंजिनवरच्या धातूच्या पत्त्यांमधून नाहीतर रेडिएटरमधून. हिवाळ्यात बाहेरची हवा १५ अंश असते तेव्हा ती सहज निघून जाते, ४५ मध्ये जास्त वेळ घेते. आणि वरून ऊन, खालून डांबर, तेही ६० च्या वर तापलेलं.

मग स्प्लेंडरला चटके बसत नाहीत आणि मित्राच्या मोठ्या गाडीवर पाय भाजतात, असं का?

स्प्लेंडर, शाईन, प्लॅटिना, पल्सर १५० या एअर कूल्ड, म्हणजे नुसत्या वाऱ्याने थंड होणाऱ्या गाड्या. इंजिन लहान, पेट्रोल कमी जळतं, उष्णताही कमी आणि ती चारी बाजूंनी पसरते. पल्सर २२०, ॲपाचे २०० यांना ऑइल कूलर आहे, रॉयल एन्फिल्डची नवीन ३५० इंजिनं हवा आणि ऑइल दोन्हीवर थंड होतात. ड्यूक, डॉमिनार, एनएस २००, आर१५, हिमालयन ४५० या लिक्विड कूल्ड, म्हणजे इंजिनभोवती कूलंट फिरवून रेडिएटरने थंड होणाऱ्या.

लिक्विड कूल्ड गाडीत इंजिन आतून जास्त काबूत राहतं, पण उष्णता गायब थोडीच होते, ती रेडिएटरमधून एकाच जागी बाहेर येते आणि सिग्नलवर पंखा लागला की तो गरम झोत थेट नडगीवर नाहीतर मांडीवर. म्हणजे इंजिनला बरं, तुम्हाला त्रास. गाडी पळती असली की तोच झोत बाजूने निघून जातो, म्हणून हायवेवर ही तक्रार कमी आणि नागपूरच्या सीताबर्डी बाजाराच्या गर्दीत जास्त. टेस्ट राइड घ्यायची तर दुपारी दोनला घ्या, गर्दीतून घ्या. शोरूमवाले सकाळी मोकळ्या रस्त्यावर एक चक्कर मारून आणतात, त्यात काहीच कळत नाही.

बीएस६ आल्यापासून गाड्या जास्त तापतात हे खरं का?

बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत पायाला जाणवणारी गरमी वाढली हे खरंय. १ एप्रिल २०२० पासून बीएस६, म्हणजे गाड्यांच्या धुरावरचा कडक नियम, लागू झाला. त्यात धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा लागतो, अडीचशे-तीनशे अंशांच्या खाली तो नीट कामच करत नाही, म्हणून बऱ्याच गाड्यांत तो इंजिनच्या जवळ, बेंड पाइपातच (इंजिनमधून सायलेन्सरकडे जाणारा वाकडा पाइप) बसवलाय. त्यामुळे गरम भाग पायाच्या जवळ आला. गाडीत काही बिघाड आहे असा त्याचा अर्थ होत नाही. कोणी म्हणालं की कॅट काढून टाकू, गाडी थंड होईल, तर ऐकू नका. ते बेकायदेशीर आहे, आणि ट्यूनिंग बिघडून इंजिन उलट जास्त तापू शकतं.

ई२० पेट्रोलने (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) इंजिन जास्त तापतं का?

नवीन गाड्यांत फरक जाणवण्यासारखा नाही, ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, सेन्सरकडून कळेल तसं पेट्रोल जमवून घेतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या साध्या पेट्रोलवर सेट केलेल्या असतात, इथेनॉलमुळे मिश्रण थोडं लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि आधीच लीन ठेवलेली गाडी असेल तर मे महिन्यात ती थोडी जास्त तापेल, पिकअपमध्ये झटके देईल. मेकॅनिककडून मिश्रण एकदा बघून घ्या आणि पेट्रोलचे रबरी पाइप तपासा, कडक किंवा चिरलेले असतील तर बदला. मायलेज थोडं कमी होतं, ते वेगळं.

नेहमीची गरमी कुठली आणि खरंच ओव्हरहीट झालीय हे कसं ओळखायचं?

हात लावला तर भाजलं, ही काही खूण नाही. एअर कूल्ड इंजिनचं हेड दीडशे-दोनशे अंशांपर्यंत जातंच आणि बेंड पाइप तर त्याच्या कितीतरी वर. खऱ्या खुणा वेगळ्या. ॲक्सिलरेटर तेवढाच पण गाडी ओढत नाहीये, चढावर किंवा ओव्हरटेकला इंजिनमधून खडे वाजल्यासारखा आवाज येतोय म्हणजे नॉकिंग, गिअर नीट पडत नाहीयेत, न्यूट्रल सापडत नाहीये, जळकट वास येतोय. लिक्विड कूल्ड गाडीत टेंपरेचरची दांडी शेवटाला जाते किंवा लाल दिवा लागतो. यातलं काहीही झालं तर सावली बघून थांबा, बंद करा, अर्धा तास सोडून द्या. तसंच दामटत नेलं की पिस्टन पकडतो आणि मग बोअर-पिस्टनचा खर्च.

थांबल्यावर ऑइल बघा, गाडी सरळ उभी करून, साइड स्टँडवर नाही. माझ्या बघण्यात उन्हाळ्यात इंजिन गेलेल्या गाड्यांमध्ये ऑइल कमी असणं हेच कारण जास्त निघालंय. लहान इंजिनात ऑइल जेमतेम लिटरभर असतं, त्यातलं तीन-चारशे मिली कमी झालं म्हणजे फार झालं. आणि हे ऑइल नुसतं वंगण नाही, उष्णता वाहून न्यायचं बरंचसं काम तेच करतं.

जाड ऑइल टाकलं तर इंजिन थंड राहतं का?

नाही. पुस्तकात जे लिहिलंय तेच. स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३०, पल्सरला २०डब्ल्यू-५०, एन्फिल्डच्या नवीन ३५० ला १५डब्ल्यू-५०, कंपनीने विचार करूनच दिलंय आणि त्यांनी भारतातला उन्हाळा धरलेला असतो. १०डब्ल्यू-३० च्या गाडीत जाड ऑइल ओतलं तर बारीक वाटांमधून ते हळू फिरतं आणि इंजिनला जोर जास्त लागतो. त्यापेक्षा वेळेवर बदला, उन्हाळ्यात जास्त चालवत असाल तर ठरलेल्या किलोमीटरच्या थोडं आधीच. कारचं ऑइल मात्र टाकू नका, बहुतेक बाईकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, तो घसरायला लागतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघून घ्या, ती अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण आहे.

सिग्नलवर गाडी बंद करावी का?

अर्ध्या मिनिटाच्या वर थांबायचं असेल तर खुशाल करा. उभ्या गाडीला वारा लागत नाही, एअर कूल्डमध्ये थंड करायला दुसरं काही नसतं. लिक्विड कूल्डमध्ये पंखा चालू असेल आणि दांडी वर असेल तर बंद करताना जरा विचार करा, बऱ्याच गाड्यांत किल्ली बंद केली की पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही थांबतात, आणि काही मिनिटं हेडचं तापमान उलट वर जातं. तिथे इंजिन किल स्विचने बंद करून किल्ली चालू ठेवली तर काही मॉडेलमध्ये पंखा चालू राहतो, आपल्या गाडीत होतं का ते बघून ठेवा. नागपुरात उन्हाळ्यात काही सिग्नलवर हिरवी जाळी बांधतात ते फार चांगलं काम आहे. जाळी नसेल तर स्टॉप लाइनपर्यंत जायचा हट्ट सोडा, मागे झाडाची किंवा उड्डाणपुलाची सावली असेल तिथेच थांबा.

गर्दीत हाफ क्लचवर चालवलं तर काय होतं?

क्लच प्लेट घासून तापतात, ऑइल तापतं, आणि सगळी गरमी इंजिनमध्येच राहते. तसंच चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये पंचवीसच्या स्पीडने रडत रडत ओढणं, मायलेजसाठी खूप लोक करतात, त्याने नॉकिंग होतं आणि पिस्टनचा वरचा भाग भाजतो. एक गिअर खाली टाका, इंजिनला मोकळं फिरू द्या. गर्दी असेल तर पहिल्यात टाकून क्लच पूर्ण सोडून चालवा, समोर जागा झाली की जा, इंचाइंचाने सरकू नका.

रेडिएटर आणि इंजिनच्या पत्त्या साफ करायच्या का, कशा?

करायच्याच, आणि हे काम घरी होतं. रेडिएटरच्या जाळीसमोर टॉर्च धरून बघा. वरवर स्वच्छ दिसतो पण तिरका उजेड टाकला की त्या बारीक नागमोडी पत्त्यांच्या आत काय काय बसलंय ते दिसतं: मेलेले किडे, चिखलाचे सुकलेले ठिपके, कापसाच्या पट्ट्यातून आलात तर पांढरं तूस, आणि घुग्घुस-वणीकडे कोळशाच्या ट्रकमागे चालवत असाल तर काळी भुकटी जी पाण्याने भिजून पुन्हा वाळते आणि थरच्या थर बसतो. निम्मी जाळी अशी भरलेली असली तर पंखा किती फिरला तरी उपयोग नाही. इंजिन पूर्ण थंड असताना, सकाळी, बागेच्या पाइपने हळू धारेने मागच्या बाजूने पुढे पाणी मारायचं, म्हणजे कचरा आला तसाच परत जातो. चिकट असेल तर साबणाचं पाणी आणि जुना मऊ ब्रश, पत्त्यांच्या दिशेने, आडवा नाही. वॉशिंग सेंटरचं प्रेशर गन रेडिएटरवर मारू देऊ नका, पत्त्या वाकतात आणि मग हवा जातच नाही. एका ओळखीच्या माणसाच्या गाडीचा अर्धा रेडिएटर असाच एका वॉशिंग सेंटरमध्ये झोपवून टाकला होता, नंतर सुई घेऊन एकेक पत्ती सरळ करत बसावं लागलं.

कूलंट टाकीतल्या दोन रेघांच्या मधे असू द्या. कमी असेल तर तयार कूलंटच टाका. अडचणीत साधं पाणी चालतं, पण घरी आल्यावर ते बदला, आपल्याकडच्या बोअरच्या खाऱ्या पाण्याने आत क्षार बसतात. आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडायचं नाही, आतलं पाणी प्रेशरखाली शंभराच्या वर असतं, थेट तोंडावर उडतं.

एअर कूल्ड गाडीत समोरून येणारा वारा अडवणारं सगळं काढा. क्रॅश गार्डला बांधलेली फायबरची शीट, दोरीची गुंडाळी, गार्डला अडकवलेली पिशवी, जमिनीला टेकणारं मडफ्लॅप. पावसाळ्यात लावा, उन्हाळ्यात नको.

तापलेल्या इंजिनवर पाणी ओतलं तर पटकन थंड होईल ना?

नका करू. ॲल्युमिनियमचं हेड, लोखंडी पाइप, प्लगचं चिनीमातीचं टोक, सगळं वेगवेगळ्या वेगाने आकसतं, तडा जाऊ शकतो, पाइप वाकू शकतो, प्लग कॅपमध्ये पाणी गेलं तर गाडी चालूच होणार नाही. तेच पाणी स्वतःच्या डोक्यावर आणि मानेवर ओता.

उन्हात गाडी बंद पडते आणि वीस मिनिटांनी आपोआप चालू होते, काय प्रकार आहे?

दोन-तीन कारणं असतात. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो, विशेषतः गाडी बंद करून दहा मिनिटांनी परत चालू केली की, कारण बंद झाल्यावर इंजिनची उष्णता वर कार्ब्युरेटरकडे येते. दुसरं, टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र धुळीने बुजलेलं, ते तपासायला झाकण उघडून बघा, फुस्स आवाज आला आणि गाडी चालू झाली की समजा. तिसरं म्हणजे इग्निशन कॉइल किंवा पिकअप कॉइल, ती तापली की स्पार्क देणं बंद करते आणि थंड झाली की परत चालू. तिसरं असेल तर उशीर करू नका, ती एक दिवस पूर्णच जाते आणि ती नेमकी आडरानात जाते. टॅपेट, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची फट, टाइट असतील तरी गरम गाडी चालू व्हायला त्रास देते, सर्व्हिसिंगला टॅपेट बघायला आठवणीने सांगा.

उन्हाळ्यात टाकी फुल्ल केली तर स्फोट होतो म्हणतात?

होत नाही, दरवर्षी फिरणारा मेसेज आहे तो. पेट्रोल उन्हाने फुगतं हे खरं, १० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापलं तर साधारण २०० मिलीने वाढतं. म्हणून गळ्यापर्यंत भरून गाडी उन्हात लावू नका, थोडं वाहून जाईल आणि गरम इंजिनवर पेट्रोल सांडणं काही बरं नाही. पंपाची नोझल जिथे आपोआप बंद होते तिथेच थांबा.

टायरमध्ये हवा कमी ठेवावी का?

नाही, उलट कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि फुटायची भीती तिथेच असते. सकाळी थंड टायरमध्ये पुस्तकातल्या आकड्याइतकी भरा. दुपारी तीच हवा ४-५ पीएसआयने वर दाखवेल, ती सोडू नका, कंपनीने ते धरलेलंच असतं. टायर जुने, भेगा पडलेले असतील तर मात्र एप्रिलच्या आधी बदला.

आता गाडीचा नाही, माझ्या अंगाचा प्रश्न. गाडीवर वारा तर लागतोच, मग ऊन कसं लागतं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि फार कमी लोक विचारतात. आपली कातडी साधारण ३५ अंश असते. हवा ३० असली तर वारा अंगातली उष्णता घेऊन जातो. हवा ४४ असली की तोच वारा अंगात उष्णता भरतो, आणि स्पीड जितका जास्त तितकी जास्त भरतो. मग शरीराकडे एकच उपाय उरतो, घाम, आणि तो वाळताना जो थंडावा देतो तो. विदर्भातली हवा कोरडी, घाम लगेच वाळतो, म्हणजे थंडावा मिळतो पण आपल्याला घाम येतोय हेच कळत नाही. कपडे कोरडे, अंग कोरडं, माणूस म्हणतो मला काही होत नाहीये. नागपूरहून निघून जामच्या चौकात चहाला थांबलात की टी-शर्टकडे बघा, बगलेखाली आणि पाठीवर पांढऱ्या रेघा आलेल्या असतात, बोटाने घासल्या की भुकटी निघते, जिभेला लावली तर खारट. लिटरभर पाणी आणि त्यातलं मीठ सत्तर किलोमीटरमध्ये असं निघून गेलेलं असतं आणि तुम्ही एक घोटही पाणी प्यायलेले नसता.

मग जॅकेट घालायचं की साधा टी-शर्ट बरा?

अंग झाकलेलंच बरं. आपल्याकडे शेतावर जाणारी माणसं पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, डोक्याला दुपट्टा नाहीतर शेला गुंडाळतात, ते उगाच नाही. उघड्या हातावर ऊन थेट लागतं आणि गरम वारा घाम इतक्या पटकन उडवतो की त्याचा पुरता उपयोग होत नाही. शहरात सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, हायवेला जाळीचं जॅकेट, फिक्या रंगाचं. पडलात तर डांबर ६० अंशाचं आहे हेही लक्षात असू द्या.

आणि कोरड्या हवेत एक उपाय खरंच जोरदार चालतो, आतला सुती टी-शर्ट पाण्याने भिजवून पिळून घालायचा, वरून जॅकेट. आपला वाळ्याचा कूलर ज्या तत्त्वावर चालतो तेच हे. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असली तर ओलं कापड २३-२४ अंशांपर्यंत थंड होऊ शकतं. जॅकेटच्या सगळ्या चेन उघड्या ठेवल्या तर वीस-पंचवीस मिनिटांत वाळून कडक होतं, म्हणून थोड्या बंद ठेवा, हवा हळूहळू जाऊ द्या, जास्त वेळ पुरतं. दर थांब्याला परत भिजवा. मानेभोवती ओला दुपट्टा बांधला तरी खूप फरक पडतो, फक्त टोकं आत खोचा, चेनमध्ये किंवा मागच्या चाकात जायला नकोत.

हेल्मेटमध्ये डोकं शिजतं, काढलं तर चालेल का?

नाही चालणार, कायद्यानेही नाही आणि उन्हाच्या दृष्टीनेही नाही. हेल्मेट डोक्यावर सावली असते, आतल्या थर्माकोलसारख्या थरातून उष्णता लवकर आत येत नाही. पांढरं किंवा फिक्या रंगाचं, वर हवेची भोकं असलेलं, आयएसआयचं घ्या. आत पातळ सुती टोपी किंवा डोकं-मान झाकणारा बलाक्लाव्हा घाला, भिजवून घातला तर आणखी चांगलं, आणि आतलं अस्तर आठवड्यातून एकदा धुवा, नाहीतर पुरळ येतं. ४० च्या वर काच बंद ठेवा, उघडी ठेवल्याने बरं वाटेल असं वाटतं पण तो गरम वारा डोळे कोरडे करतो आणि तोंड-घसा सुकवतो. गाडी उन्हात लावून हेल्मेट आरशाला अडकवून जाऊ नका, आतलं अस्तर तापून राहतं आणि परत आल्यावर तेच डोक्यावर घालावं लागतं.

पाणी किती प्यायचं? खिशात कांदा ठेवला तर?

चालवताना तासाला पाऊण लिटरच्या आसपास, थोडं थोडं, दर वीस मिनिटांनी. तहान लागेपर्यंत थांबू नका, वाऱ्यात तहान उशिरा कळते. दर ४०-५० किलोमीटरला सावलीत थांबा, पाच-दहा मिनिटं. नुसतं पाणी पीत राहिलात तर मीठ कमी पडतं, पायात गोळे येतात, म्हणून मधे ओआरएस, मीठ घातलेलं ताक, कैरीचं पन्हं, लिंबू सरबत. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. ब्लड प्रेशर, किडनी किंवा साखरेचा त्रास असेल तर मीठ-साखरेचं डॉक्टरांना आधी विचारा, लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर नक्कीच. बाटली टाकीवर ठेवली तर अर्ध्या तासात चहा होतो, थर्मास न्या किंवा ट्रकवाले लावतात तशी कॅनव्हासची छागल बाजूला लटकवा, वारा लागला की पाणी छान गार होतं.

कांदा जेवणात खा, चांगलाच आहे. खिशातला कांदा उष्णता शोषून घेत नाही. आजी देतेय तर ठेवा, पण त्याच्या भरवशावर बाराला निघू नका. बिअर पिऊन तर नकोच नको.

ऊन लागलंय हे कसं ओळखायचं आणि करायचं काय?

सुरुवात डोकं जड होण्यापासून होते, मग मळमळ, पायात गोळे, अंगावर काटा येणं, उन्हात थंडी वाजल्यासारखं होणं. गाडीवर याच्याही आधी एक खूण येते: ब्रेक उशिरा लागायला लागतो, ओळखीचं वळण चुकतं, मागच्या हॉर्नचा उगाच राग येतो. मित्रासोबत असाल तर एकमेकांकडे बघत चला. यातलं काही झालं की लगेच सावली, जॅकेट-बूट काढा, ओलं करा, पाणी-ओआरएस घ्या, आणि तासाभराने बरं वाटलं तरी त्या दुपारी पुढे जाऊ नका.

माणूस बरळायला लागला, तोल जातोय, अंग चटका बसेल इतकं तापलंय, शुद्ध हरपतेय तर तो उष्माघात आहे, यात जीव जातो. १०८ ला फोन करा आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत वाट बघत बसू नका, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला, मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी किंवा बर्फ ठेवा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका, श्वासात जातं.

कधी निघावं?

पहाटे पाचला निघा आणि दहा-साडेदहाला पोचा किंवा थांबा. परत निघायचं ते पाचनंतर, कारण हवा सगळ्यात जास्त दुपारी तीन-चारच्या सुमारास तापलेली असते, बाराला नाही. नवतपा, म्हणजे २५ मेपासूनचे नऊ दिवस, लांबचा प्रवास टाळता आला तर टाळाच. समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही, त्यामुळे जुन्याच रस्त्याने जावं लागतं आणि एका अर्थी बरंच आहे, गावं लागतात, झाडं लागतात, पाणी मिळतं. चिखलदऱ्याला जाणाऱ्यांनी पायथ्याशी गाडीला आणि स्वतःला दहा मिनिटं द्या, चढावर पहिल्या-दुसऱ्यात इंजिन तापतं आणि स्पीड नसल्याने वाराही नसतो.

मुंबईत, कोकणात, गोव्यात हेच सगळं लागू होतं का?

गाडीचं हो, अंगाचं नाही. तिथे ३४ अंशच असेल पण हवा दमट, घाम वाळतच नाही, नुसता गळतो. ओला टी-शर्ट, ओला दुपट्टा यांचा फारसा उपयोग नाही, ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेत ओलं कापड २८-२९ च्या खाली जात नाही. तिथे उलट करा, जाळीचं जॅकेट पूर्ण उघडं, काच थोडी वर, जितका वारा तितका बरा. आणि पाणी तेवढंच लागतं.

सायलेन्सरने पाय भाजला तर?

वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा, घड्याळ लावून. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ काही लावू नका. फोड फोडू नका. भाजलेला भाग मोठा असेल किंवा लहान मूल भाजलं असेल तर दवाखाना. लहान मुलांना उजवीकडून चढवू-उतरवू नका, हाफ पँटवर बसवू नका, आणि दुपारी पुढे टाकीवर बसवून तर नेऊच नका, समोरचा सगळा गरम वारा ते पोर अंगावर घेतं आणि खाली टाकी तापलेली असते. मागे बसणाऱ्यालाही तेवढंच ऊन लागतं, फरक एवढाच की तो डुलक्या घेतोय की बेशुद्ध होतोय हे तुम्हाला दिसत नाही, म्हणून बोलत राहा.

पाइपला कापडी पट्टी गुंडाळली, जास्तीचा ऑइल कूलर लावला तर फायदा?

पट्टीने पायाला बरं वाटतं, पण पाइपची उष्णता आत कोंडते आणि पावसाळ्यात पट्टीखाली पाइप गंजतो. त्यापेक्षा कंपनीची हीट शील्ड जागेवर आहे का बघा, तिचे स्क्रू खूप गाड्यांत पडलेले असतात. बाहेरून ऑइल कूलर बसवणं चांगल्या हाताने केलं तर ठीक, नाहीतर गळतीचं एक ठिकाण वाढतं. रोजच्या वापरात लागत नाही. सीटला जाळीचं कव्हर मात्र नक्की लावा, शंभर-दोनशे रुपयांत एवढा आराम दुसरा मिळत नाही.

स्कूटरचं काय? आणि इलेक्ट्रिकचं?

ॲक्टिव्हासारख्या स्कूटरला इंजिनवर स्वतःचा पंखा असतो, इंजिन फिरतं तोवर वारा मिळतोच, गर्दीतही. फक्त पंख्याच्या जाळीत कचरा, चिंध्या अडकलेल्या नाहीत ना बघा. इलेक्ट्रिकमध्ये पायाला चटके नाहीत, पण बॅटरी तापली की गाडी स्वतःच स्पीड कमी करते, ते तिच्या भल्यासाठीच. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, तासभर सावलीत थंड होऊ द्या.

डिलिव्हरीचं काम आहे, दुपारी निघावंच लागतं, त्यांनी काय करायचं?

पाठीवरची मोठी बॅग शक्य असेल तर मागच्या सीटवर बांधा, पाठीला वारा लागला पाहिजे. हॉटेलवर ऑर्डरची वाट बघताना सावलीत उभं राहा आणि तिथेच बाटली भरून घ्या, दर दोन ऑर्डरमागे ओआरएस नाहीतर ताक. चक्कर आली तर ऑर्डर सोडा, रेटिंगचं नंतर बघता येईल. आणि जे घरी कूलरमध्ये बसून मागवतात त्यांनी दारात आलेल्या पोराला आधी गार पाणी विचारा, जिना चढायला न लावता खाली जाऊन पार्सल घ्या, आणि बारा ते चारमध्ये खरंच लागणार नसेल ते संध्याकाळी मागवा.